मदत हवी आहे: अमेरिकेत मेडिकलचा अर्ज, सायन्स जीपीए (सायन्सच्या ग्रेडची सरासरी) कसा काढतात?

अनघा_जर्सी
लेक ज्युनिअर इयरला (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, मेजर बायोलॉजी. पुढच्या मेमध्ये ॲमकॅसचा (मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जाचा) फॉर्म भरायचाय. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला सी आला होता, परत घेऊन ए मिळवला. तिचं कॉलेज आता फक्त ए धरतं. प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) केलं, तिथेही सी. त्याचे नुसते क्रेडिट ट्रान्सफर झालेत, ग्रेड नाही. म्हणजे हे दोन्ही सी सुटले ना?

खलबत्ता
नाही सुटले. ॲमकॅस कॉलेजने काढलेला जीपीए वापरतच नाही, प्रत्येक कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरून (गुणपत्रिकेवरून) स्वतः नव्याने काढतं. विषय जितक्या वेळा घेतला तितक्या सगळ्या ग्रेड धरतात. एका क्रेडिटला सीचे २ गुण, एचे ४; तिचं ऑरगॅनिक ४ क्रेडिटचं असेल तर सीचे ८ आणि एचे १६, मिळून ८ क्रेडिटवर २४ गुण. सरासरी ३.०, चार नव्हे.

समजा हे दोन सी वगळून सायन्सचे ५२ क्रेडिट आणि १९२.४ गुण आहेत, म्हणजे ३.७०. त्यात ऑरगॅनिकचा पहिला सी (४ क्रेडिट, ८ गुण) आणि प्रीकॅल्क्युलस (३ क्रेडिट, ६ गुण) मिळवा: २०६.४ भागिले ५९, म्हणजे ३.५०. हा आकडा जूनमध्ये कळण्यापेक्षा आजच एक्सेलमध्ये मांडा. ए आणि ए प्लस दोन्हींना ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७.

कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवावी लागते आणि तो कोर्स त्याच कॉलेजाखाली लिहायचा. सध्याच्या कॉलेजाखाली ट्रान्सफर म्हणून पुन्हा ग्रेडसकट लिहिला तर पडताळणीत अडकतं.

मोगरा_७
सायन्स म्हणजे इथे बीसीपीएम: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. कोर्स कुठल्या विभागाने शिकवला यापेक्षा त्यात मुख्यतः काय शिकवलं हे बघतात. त्यामुळे सायकॉलॉजी विभागाने घेतलेलं स्टॅटिस्टिक्सही मॅथ्समध्ये टाकता येतं, न्यूरोसायन्स बायोलॉजीत. सायकॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग बाहेर. हेल्थ सायन्सचे कोर्सही बाहेर, आणि इथेच बरेच जण चुकतात, कारण नावात सायन्स असतं. वर्ग आपण निवडतो पण पडताळणारा तो बदलू शकतो, म्हणून कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा. पास/फेल आणि डब्ल्यू (मध्येच सोडलेला कोर्स) सरासरीत येत नाहीत. एफ मात्र येतो, शून्य गुणांसकट.

क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं असलेलं) कॉलेज असेल तर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणतात.

अनघा_जर्सी
बाप रे. मग आता ३.५० वरून वर कसं आणायचं? आणि डीओ (ऑस्टिओपॅथीची मेडिकल कॉलेजं) किंवा टेक्सासला हेच नियम का?

खलबत्ता
वरच्याच आकड्यांवर ३.६० गाठायला आणखी १५ क्रेडिट, सगळे ए हवेत. साधारण चार कोर्स. मागचे क्रेडिट जितके जास्त तितका आकडा जड हलतो, म्हणून अर्जाआधीच्या ग्रेड महत्त्वाच्या. अर्ज मे-जूनमध्ये गेला की त्यानंतरच्या ग्रेड त्या आकड्यात येत नाहीत. प्रवेश मिळालेल्यांची सायन्सची सरासरी हल्ली ३.७ च्या आसपास असते. ३.५ वर दार बंद होत नाही, पण एमकॅटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर चांगला हवा. ऑरगॅनिकनंतरच्या वरच्या सायन्स कोर्सना ए असतील तर तेही बघतात, कारण ॲमकॅसच्या तक्त्यात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दिसतो.

मोगरा_७
डीओचा अर्ज म्हणजे ॲकोमास: तिथे विषय परत घेतल्यावर जुनी ग्रेड पुसायची सोय २०१७ मध्येच बंद झाली. तिथल्या सायन्स जीपीएत मॅथ्स नाही, त्यामुळे प्रीकॅल्क्युलसचा सी तिथे सायन्सला लागणार नाही, एकूण जीपीएला लागेल. टेक्सासच्या अर्जात प्लस-मायनस धरत नाहीत: ए मायनसचे पूर्ण ४, बी प्लसचे फक्त ३. तिच्याकडे यातलं काय जास्त आहे ते मोजा, मग टेक्सासचं ठरवा. तिथल्या सरकारी कॉलेजांत बहुतेक जागा टेक्सासच्या रहिवाशांनाच जातात, हेही लक्षात घ्या.