विद्यापीठाने समुपदेशकाच्या जोडीला ॲप दिलं, तर त्यात वाईट काय?

निशाचर
विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी विद्यापीठाने ऑनलाइन सोय केली, की लगेच "हात झटकले" अशी ओरड सुरू होते. मला ती पटत नाही. माझी बाजू मांडतो, मग खुशाल तुटून पडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात ८ देशांतल्या १९ विद्यापीठांमधल्या प्रथम वर्षाच्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. २०१८ साली निष्कर्ष आले. नैराश्य, चिंता, व्यसन यांपैकी काही ना काही आयुष्यात कधीतरी भोगलेले विद्यार्थी साधारण तिघांत एक निघाले.

आता हिशेब करा. १० हजारांचं विद्यापीठ. त्यातले हजारच जण मदत मागायला आले आणि प्रत्येकाला आठवड्याला एक तास दिला, तर हजार तास झाले. एक समुपदेशक आठवड्याला २५ जणांचं नीट ऐकू शकतो असं धरलं, तरी ४० समुपदेशक लागतील. एवढे कुठे आहेत, दाखवा. नसतील, तर वेटिंग लिस्टमध्ये सबंध सेमिस्टर काढण्यापेक्षा फोनवर आज काहीतरी मिळणं बरं की वाईट?

तिसरी घंटा
असहमत. "आज काहीतरी मिळणं" यातलं ते "काहीतरी" जरा उलगडून सांगा. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सच्या वापराची प्रत्यक्ष आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या मधल्या ॲपची गत अशी, की शंभर जणांनी डाउनलोड केलं तर पंधराव्या दिवशी ते उघडणारे चारही उरत नाहीत. आणि नैराश्यात पहिली जाते ती उमेदच. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला "आज तुमचा मूड नोंदवा" असं नोटिफिकेशन पाठवायचं, त्याने ते बाजूला सारलं की "सेवा उपलब्ध होती, विद्यार्थ्याने वापरली नाही" म्हणून अहवाल लिहायचा. अहवाल मात्र झकास होतो.

काठावरची
विद्यार्थिनी आहे, म्हणून लिहिते. समुपदेशन कक्षाचं दार कुठे असतं बघितलंय कुणी? बहुतेक वेळा ऑफिसच्या शेजारी, जिथून सगळा वर्ग ये-जा करतो. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी चॅटवर लिहिलं, तेही रात्री. समोर माणूसच होता, फक्त दिसत नव्हता. तोंडाने जे निघालं नसतं ते टाइप झालं. पुढे प्रत्यक्षही गेले, पण आधी चॅट नसतं तर गेले नसते.

गुंडाळलेली चटई
खोलीत तिघं राहतो. व्हिडिओ सेशन कुठे घ्यायचं, जिन्यात?

कलम-पोटकलम
गोपनीयतेचं कुणीच बोललं नाही. बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीतली मोठी कंपनी. लोकांनी विश्वासाने भरलेली आरोग्याची माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना पुरवली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. ते तर पैसे मोजणारे ग्राहक होते. विद्यार्थ्याला ॲप फुकट मिळतं, करार विद्यापीठ करतं, आणि लॉगिन बहुधा हजेरी-निकालाचंच असतं. "आकडेवारी फक्त एकत्रित स्वरूपात मिळेल" असं करारात असतं म्हणे. छोट्या विभागात पीएचडीचे चारच विद्यार्थी असतील, तर एकत्रित म्हणजे काय?

दुसरी खुर्ची
मी समुपदेशनाचं काम करते, पडद्यावरही आणि समोरासमोरही. वरचे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत असं मला वाटतं. पडदा असो वा नसो, पलीकडे जबाबदार माणूस आहे का, एवढं विचारा.

ऑनलाइन सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन तपासून बदलायच्या उपचारपद्धतीचे धडे, सौम्य ते मध्यम त्रासात उपयोगी पडतात. हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण सोबत कुणी आठवड्याला थोडा वेळ काढून "कुठे अडलात?" विचारत असेल, तर लोक धडे पुरे करतात आणि फरकही जास्त पडतो. नुसती लिंक ईमेल केली की ती तशीच पडून राहते. तिसरी घंटा म्हणतात ती गळती मुख्यतः इथली.

आता जास्त नाजूक मुद्दा. बरीच ॲप सुरुवातीला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, हा. प्रत्यक्षात कुणी "हो" म्हटलं, की मी हातातलं सगळं बाजूला ठेवते, पुढचे प्रश्न विचारते, त्या दिवशी त्याला एकटं सोडत नाही. ॲपवर रात्री दोनला "जवळजवळ रोज" वर टिचकी पडली तर काय होतं? बऱ्याच ठिकाणी हेल्पलाइनचा नंबर झळकतो आणि पुढचा प्रश्न येतो. तो नंबर लावला गेला का, हे कोण बघतं? प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकायला माणूस बसवा. नाहीतर विचारूच नका.

अवांतर: सुट्टीत विद्यार्थी दुसऱ्या देशात घरी गेला, तर कित्येक ठिकाणी समुपदेशकाचा परवाना तिथे चालत नाही. ऐन एकटेपणाच्या महिन्यात सेशन बंद.

निशाचर
@दुसरी खुर्ची, नवव्या प्रश्नाचं मान्य. पण रात्री दोनला समुपदेशन कक्षालाही कुलूपच असतं, तो दोष ॲपच्या माथी कशाला? आणि माणूस नसलेलं सगळंच कुचकामी नाही. २०१७ मध्ये वोबॉट या चॅटबॉटची ७० तरुणांवर चाचणी झाली, दोन आठवड्यांत नैराश्याची लक्षणं कमी झाली होती.

तिसरी घंटा
दोन आठवडे! आणि अभ्यासकांत ॲप बनवणाऱ्या कंपनीची संस्थापिकाही होती, ते राहिलं सांगायचं. ते ॲप जून २०२५ मध्ये बंद झालं. सवय झालेल्यांनी काय करायचं?

दुसरं उदाहरण देतो. आहारविकारांवर, म्हणजे वजनाच्या धास्तीने उपाशी राहण्यासारख्या आजारांवर, काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि लोकांना टेसा नावाच्या चॅटबॉटकडे वळवलं. टेसाने आहारविकाराच्या रुग्णांना वजन उतरवायचे सल्ले दिले. तिलाही काढावं लागलं. शीर्षकात तुम्ही "जोडीला" लिहिलंय, पण बजेटच्या बैठकीत त्याचं "ऐवजी" व्हायला वेळ लागत नाही. म्हणून करारात एकच ओळ घाला: ॲप घेतल्यावर समुपदेशकांची एकही जागा कमी होणार नाही. अशी ओळ असलेला करार दाखवा, मी विरोध सोडतो.

काठावरची
ओळ जरूर घाला. पण ती मंजूर होईपर्यंत चॅट बंद ठेवू नका.