मदत हवी आहे: मे महिन्यात आई-बाबांसोबत योसेमिटी

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सॅन होजेला आलेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना दोन रात्रींसाठी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला न्यायचंय. बर्फ वितळत असल्यामुळे मेमध्ये धबधबे भरात असतात, म्हणून मुद्दाम हीच वेळ धरली. ७३९ मीटरचा योसेमिटी फॉल बाबांना जवळून बघायचाच आहे! ठोसेघर बघत वाढलेला माणूस तो.

अडचण आईच्या गुडघ्यांची. सपाट वाटेवर मैलभर चालते, पण चढ-उतार जमत नाही. त्यामुळे व्हर्नल फॉलच्या ६०० पायऱ्यांचा विचार सोडलाय. लोअर फॉलची (योसेमिटी फॉलचा खालचा टप्पा) पूर्वेकडची वाट व्हीलचेअरलाही चालते म्हणे, तिथे बसायला बाकं आहेत का? मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये, म्हणजे तिथल्या सेकोयाच्या महावृक्षांच्या राईत, शटलमधून उतरल्यावर ग्रिझली जायंट या झाडापर्यंतचा चढ तिला झेपेल का? ते झाड सुमारे तीन हजार वर्षांचं आहे. आईला त्याच्या बुंध्याला हात जोडायचेत, एवढं तरी व्हायलाच हवं.

एल कॅपिटनचा कडा गवतावर सतरंजी टाकून निवांत कुठून बघता येईल? वयस्कर आई-वडिलांना घेऊन गेलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.