गृहखात्यावरून वाजलं, तर शब्द कोणता? कुरघोडी, सुंदोपसुंदी, डोईजड आणि बाकीचे

जळगावचा उपसंपादक :
नमस्कार मंडळी. रात्रपाळीत मथळे लावताना एक अडचण वारंवार येते. पोलीस, गृहखातं किंवा गुप्तवार्ता कोणाच्या अखत्यारीत असावी यावरून दोन मंत्र्यांत वाजतं, आणि त्यात 'पुढचा मुख्यमंत्री कोण' हा प्रश्नही मिसळलेला असतो. अशा वेळी आमच्या हाताशी पाच शब्द असतात : कुरघोडी, सुंदोपसुंदी, भाऊबंदकी, रस्सीखेच, धुसफूस. जागा किती उरली ते बघून त्यातला एक बसवला जातो. यांच्या अर्थात फरक आहे असं मला वाटतं, पण तो नीट मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं. आपल्या भागात बोलताना काय म्हणतात तेही कळलं तर बरं.

अमळनेरकर, निवृत्त मराठी शिक्षक :
फरक आहे, आणि तो व्याकरणातच दिसतो. 'अमक्याने तमक्यावर कुरघोडी केली' असं आपण म्हणतो. करणारा एक, सोसणारा दुसरा, आणि मध्ये 'वर' असतंच. सुंदोपसुंदी मात्र कोणी 'करत' नाही. ती माजते, चालते. 'गृहमंत्र्यांनी सुंदोपसुंदी केली' हे वाक्य कानाला लगेच खटकतं. म्हणजे कुरघोडी लिहिलंत की तुम्ही एकाकडे बोट दाखवलंत, आणि सुंदोपसुंदी लिहिलंत की दोघांनाही सारखंच दोषी ठरवलंत. मथळ्यातला एक शब्द हा निवाडा असतो. तो उरलेल्या जागेवरून ठरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सुंदोपसुंदीची कथा बहुतेकांना अर्धीच माहीत असते. महाभारताच्या आदिपर्वात नारद ती पांडवांना सांगतात. द्रौपदी पाचांची पत्नी झाली आहे, तिच्यावरून भावाभावांत वितुष्ट येऊ नये, हा त्यामागचा हेतू. सुंद आणि उपसुंद हे निकुंभाचे मुलगे. राज्य एक, घर एक, आसन एक, जेवणखाण एकत्र. विंध्यावर तप करून त्यांनी वर मिळवला की एकमेकांखेरीज कोणाच्याही हातून आपल्याला मरण येऊ नये. पुढे तिलोत्तमा समोर आली, दोघांनी तिचा एकेक हात धरला आणि गदांनी एकमेकांना मारून दोघेही पडले. तेव्हा आधीचा एकजीव, बाहेरच्याला न हरणारं बळ आणि शेवटी दोघांचाही नाश, एवढं सगळं असेल तरच हा शब्द शोभतो. नुसती दोन माणसं भांडली म्हणून नाही.

माझ्या मते आपल्या राजकारणात तो नेमका बसतो तो 1977 ते 1979 च्या जनता सरकारला. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल, समाजवादी हे पक्ष आपापली नावं पुसून एका पक्षात आले. मोरारजी देसाई पंतप्रधान, चरणसिंह गृहमंत्री, जगजीवन राम संरक्षणमंत्री. पंतप्रधानपदाची आस तिघांनाही होती. ऑक्टोबर 1977 मध्ये चरणसिंहांच्या गृहखात्याच्या पुढाकाराने इंदिरा गांधींना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं. गृहमंत्र्याची शोभा झाली. पुढे इंदिराबाईंवरच्या कारवाईत सरकार चालढकल करतंय अशी टीका खुद्द चरणसिंह जाहीरपणे करू लागले. जून 1978 च्या अखेरीस मोरारजींनी त्यांचा राजीनामा मागून घेतला. जानेवारी 1979 मध्ये ते मंत्रिमंडळात परतले, पण गृहखातं काही मिळालं नाही. अर्थखातं आणि उपपंतप्रधानपद मिळालं, आणि त्याच वेळी जगजीवन रामांनाही उपपंतप्रधान केलं गेलं. जुलैत मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंह पंतप्रधान झाले आणि लोकसभेला सामोरं न जाताच ऑगस्टमध्ये त्यांनीही राजीनामा दिला. जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाला 353 जागा मिळाल्या. जनता पक्ष आधी आतूनच फुटला होता. ही सुंदोपसुंदी.

शिरपूरची वाचक :
गुरुजी, एक शब्द राहिला, आणि गृहखात्याच्या प्रकरणात तोच जास्त लागू पडतो असं मला वाटतं : डोईजड. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत बाया कमरेच्या फडक्यात कापूस साठवत जातात आणि संध्याकाळी गाठोडं बांधून डोक्यावर घेतात. ते एकटीला चढवता येत नाही. दुसरी उचलून देते आणि उचलून देतानाच विचारते, झेपेल ना? चार पावलांवर मान डुगडुगायला लागली, की ते डोईजड झालं. ज्याला आपणच उचलून घेतलं तेच पेलेनासं होणं, हा या शब्दाचा गाभा आहे. म्हणून डोईजड होतो तो नेहमी हाताखालचा माणूस. शत्रू कधी डोईजड होत नाही.

यशवंतराव चव्हाणांचं घ्या. नोव्हेंबर 1966 मध्ये ते संरक्षणखात्यातून गृहखात्यात आले. पोलीस, राज्यांशी संबंध, गुप्तवार्ता, सनदी अधिकारी हे सगळं तेव्हा गृहमंत्र्याकडे होतं. 1968 मध्ये परदेशी हेरगिरीचं काम गुप्तवार्ता विभागातून काढून 'रॉ' ही वेगळी संस्था केली गेली, आणि ती पंतप्रधानांच्या हाताखाली गेली. जून 1970 मध्ये यशवंतरावांना अर्थखातं देऊन गृहखातं इंदिरा गांधींनी स्वतःकडे घेतलं. अधिकाऱ्यांच्या सेवांचा कारभारही त्याच वर्षी गृहमंत्रालयातून निघून मंत्रिमंडळ सचिवालयात गेला. रॉ काढण्याला 1962 आणि 1965 च्या युद्धांतल्या अनुभवाचंही कारण होतं, ते मला मान्य आहे. पण बेरीज केली तर गृहमंत्री हलका होत गेला, हे दिसतंच. याला सुंदोपसुंदी म्हणता येत नाही, कारण पडलं कोणीच नाही. डोईजड वाटू लागलेल्याचे 'पंख छाटले' हा वाक्प्रचार इथे शोभतो.

जळगावचा उपसंपादक :
ताई, डोईजड माझ्या यादीत नव्हताच. भाऊबंदकीचं काय?

अमळनेरकर :
तिथे वाटणी हवी. एका बापाच्या इस्टेटीवर दोघांचाही हक्क, तरच भाऊबंदकी. राघोबादादा आणि थोरले माधवराव 1768 मध्ये धोडपला लढले, ती भाऊबंदकी. एकाच पक्षातल्या दोन गटांना हा शब्द चालेल. युतीतल्या दोन पक्षांना नाही. त्यांचा मूळपुरुष एक नसतो.

धुळ्याचे वकील :
शब्द ठरवण्याआधी अधिकार कोणाचा ते बघायला हवं. वार्ताहर ते बघत नाहीत, आणि मग भलताच शब्द छापून येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 नुसार राज्यपाल कामकाजाचं वाटप करतात, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्री सांगतात तसं. मुख्यमंत्र्याने मंत्र्याचं खातं काढून घेतलं तर ते अतिक्रमण ठरत नाही. तो अधिकार त्याचाच.

पण पोलीस बदल्यांचा मामला गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 22-एन मध्ये सक्षम प्राधिकारी ठरवून दिले आहेत. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी मुख्यमंत्री, आणि राज्य पोलीस सेवेतल्या उपअधीक्षक व वरच्या अधिकाऱ्यांसाठी गृहमंत्री. आता जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक एकाच्या सहीने येणार आणि त्याच्या हाताखालचा उपअधीक्षक दुसऱ्याच्या. दोन्ही खुर्च्यांवर एकाच पक्षाची माणसं असली तर निभावतं. मुख्यमंत्री एका पक्षाचा आणि गृहमंत्री दुसऱ्या पक्षाचा असला, की प्रत्येक बदलीत शंका शिरते. 1999 पासून पंधरा वर्षं आपल्याकडे अशीच रचना होती : मुख्यमंत्री काँग्रेसचा, गृहखातं राष्ट्रवादीकडे. जुलै 2011 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर पृथ्वीराज चव्हाणांनी गृहखातं मित्रपक्षाकडे असण्याबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. त्याला 'नाराजी'च म्हणावं. मुख्यमंत्र्याने उघडपणे, स्वतःच्या नावाने बोललेली गोष्ट कुरघोडी होत नाही. 'धुसफूस' तर नाहीच. धुसफूस म्हणजे तोंडावर न बोललेला राग.

चोपड्याचा वाचक :
नेतृत्वाच्या हव्यासाला आपला 'गुडघ्याला बाशिंग बांधणे' आहेच की. वेळ आलेली नसताना उतावीळ झालेला. बाशिंग कपाळाला बांधायचं असतं, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं.

नंदुरबारचा वाचक, इतिहासाचा विद्यार्थी :
'सवता सुभा' हाही घ्या. मंत्री आपल्या खात्याचं वेगळं राज्य चालवायला लागला की हा शब्द. सवता म्हणजे वेगळा. आणि सुभ्याचं आपल्याला नवल नाही, खानदेश हा स्वतःच मोगलांचा सुभा होता. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचं राज्य संपलं. त्यानंतर बुऱ्हाणपूर हे या सुभ्याचं मुख्य ठाणं झालं. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त, दिवाणाकडे महसूल. दिवाण सुभेदाराचा ताबेदार नसे, तो थेट बादशाही दिवाणाला जबाबदार असे. दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवावा आणि सुभेदाराने आपलं वेगळं राज्य मांडू नये, ही योजना. शिरपूरच्या ताई म्हणतात तो डोईजड होण्याचा धोका दिल्लीला आग्र्यालाही ठाऊक होता.

जळगावचा उपसंपादक :
मग डिसेंबर 2024 चं कसं लिहायचं? शिवसेनेचे नेते गृहखातं शिंदे यांच्याकडे द्या असं उघड म्हणत होते. 5 तारखेला शपथविधी झाला, 21 तारखेला खातेवाटप झालं आणि गृहखातं मुख्यमंत्री फडणवीसांकडेच राहिलं. पाठोपाठ 18 जानेवारी 2025 ला पालकमंत्री जाहीर झाले. आपल्या जामनेरच्या गिरीश महाजनांना नाशिक मिळालं, आदिती तटकरेंना रायगड, आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांना स्थगिती आली.

अमळनेरकर :
21 डिसेंबरपर्यंत रस्सीखेच. दोर दोघांच्याही हातात होता आणि निकाल लागायचा होता. निकाल लागल्यावर तो शब्द सोडून द्यावा. स्थगितीला मी कोणताही अलंकारिक शब्द वापरणार नाही. 'दोन पालकमंत्र्यांच्या नेमणुकीला स्थगिती' एवढंच छापावं, कारण पडद्यामागे कोणी काय केलं हे आपल्याला छापील पुराव्याने सांगता येत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. मंत्र्यांमधला प्रत्येक वाद खुर्चीचा नसतो. डिसेंबर 1947 मध्ये अजमेरला दंगल झाली. पंतप्रधान नेहरूंनी स्वतःचे प्रधान खाजगी सचिव तिथे पाहणीला पाठवले आणि गृहमंत्री पटेलांना ते रुचलं नाही. कायदा-सुव्यवस्था गृहखात्याची, मग पंतप्रधानाने परस्पर माणूस का पाठवावा? पंतप्रधान मंत्र्याचा वरिष्ठ की समानांमधला पहिला, हा खरा प्रश्न होता. दोघांनीही आपापली बाजू लेखी मांडून गांधीजींपुढे ठेवली आणि दोघांनीही पद सोडण्याची तयारी दाखवली. 30 जानेवारीनंतर दोघे एकत्र उभे राहिले. याला 'नेहरू-पटेल सुंदोपसुंदी' असं लिहिलेलं मी वाचलं आहे आणि मला त्याचा मनापासून राग आला. हा मतभेद होता, तोही लेखी आणि सभ्य. मराठीत 'मतभेद' हा चांगला शब्द आहे. तो सपक वाटतो म्हणून टाळू नये.

शिरपूरची वाचक :
बोलण्यातलं विचारलं होतंत. आमच्या अहिराणीत घरातली माणसं एवढंच म्हणतात : 'दोन्हीस्ले एकच खुर्ची जोयजे.' म्हणजे दोघांनाही एकच खुर्ची हवी. खातं कोणतं, कलम कोणतं, ते नंतर.

जळगावचा उपसंपादक :
सर्वांचे आभार. शेवटचं एक : आमच्याकडे 'सुंदापसुंदी' असंही टंकलेलं येतं. बरोबर काय? आणि अनेकवचन?

अमळनेरकर :
सुंद अधिक उपसुंद, अ आणि उ मिळून ओ. म्हणून सुंदोपसुंदीच. 'सुंदापसुंदी' चूक. अनुस्वार दोन्ही 'सुं'वर. अनेकवचन करू नका, 'भूक' किंवा 'तहान' यांचं जसं करत नाही तसंच.