जुन्या गिझरचे जॉइंट गळून राह्यले, सल्ला पायजे

वरूडचा संत्रावाला: पंचवीस लिटरचा गिझर, तांब्याची टाकी. 2004 मध्ये संत्र्याचा आंबिया बहार साधला तेव्हा बाबांनी घेतला होता. टाकी धड आहे, पण थंड-गरम दोन्ही पाइपांचे जॉइंट गळतात. मिस्त्रीनं दोनदा एम-सील लावलं, आठ दिवसांत पुन्हा टपटप. बोरचं पाणी जड आहे. आईचे गुडघे दुखतात, सकाळी गरम पाणी लागतेच. पाचशेच्या आत काय होईल?

धामणगावकर: भाऊ, काढून फेका. मी दिवाळीत नवा घेतला, साडेसात हजारांचा. एक थेंब नाही गळत.

संत्रावाला: पाचशे म्हटलं जी.

तळेगाववाली: गिझर कायले पायजे? आमच्याकडं आजीच्या वेळचा बंब आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या काड्या, घरचीच, खर्च शून्य.

कापूसवाला: ताई, पऱ्हाटीचा भडका होते अन् विझते. बाभूळ लागते. बाभूळ आता कोण तोडू देते?

तळेगाववाली: दोन पेंढ्यांत आमच्या पाच जणांच्या आंघोळी होतात. येऊन पाहा.

आर्वीचा फिटर: आधी पुसून पाहा, गळते नेमकं कुठून. गरम होताना पाणी फुगते, सेफ्टी वॉल्व्हातून चार थेंब येतातच. तिथं बूच मारू नका. जॉइंटच असेल तर कारण निप्पल, म्हणजे टाकी अन् पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा. तांब्याच्या टाकीला जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं निप्पल लावलं की लोखंड आधी खाल्लं जाते, आटे झिजतात. वरून कितीही लिंपा, थांबत नाही. एमसीबी पाडून वीज बंद करा, टाकी रिकामी करा, अर्धा इंची पितळी निप्पल घ्या. टेफ्लॉनची पट्टी आट्यांवर घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळा, निप्पलचं टोक आपल्याकडं धरून. उलटी गुंडाळली तर कसताना उलगडते.

धामणगावकर: एम-सील ओल्यावर धरतच नाही. मी सांगणारच होतो.

पुलगावचा: पान्याचं मी सांगतो. माझ्याकडच्या माणसानं एकाच पान्यानं जोर लावला, टाकीची नळी बुडापासून उपटली. गिझर गेला, मजुरीही गेली. दोन पाने घ्या: एकानं टाकीचं तोंड धरा, दुसऱ्यानं निप्पल फिरवा.

कापूसवाला: गरम बाजूला साधा पीव्हीसी लावू नका, नरम पडते. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी घ्या.

आर्वीचा फिटर: किंवा जाळीची लवचिक नळी. वॉशर मात्र पाहून घ्या, जुना रबर कडक होते.

संत्रावाला: झालं काल. पितळी निप्पल दोन, बाकी जुनी जीआय लाइनच ठेवली. टेफ्लॉन नाही लावली, सूत-सफेदा लावला, म्हणजे आट्यांवर सूत अन् सफेद्याचा लेप. बाबा विहिरीच्या मोटारीचे सगळे जॉइंट त्यानंच बांधत, ते अजून कोरडे आहेत. दोन पाने शेजाऱ्याचे आणले. गरम नळातून धार आल्यावरच बटन दाबलं. खर्च 340. रात्री खाली ताटली ठेवली होती, सकाळी कोरडी. आईची आंघोळ झाली.

आर्वीचा फिटर: सूत-सफेदाही चालते, पण आठ दिवसांनी हात लावून पाहा.

धामणगावकर: थंडी पडू द्या, मग सांगा.