मदत हवी आहे: बोरोहायड्राइडच्या डायहायड्रेटमधला हायड्रोजन-हायड्रोजन बंध

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी सोडियम बोरोहायड्राइड (सोडियम, बोरॉन आणि हायड्रोजनचं संयुग) आणि त्याचं डायहायड्रेट (त्याच्या जोडीला पाण्याचे दोन रेणू असलेलं स्फटिक) हा विषय घेतलाय. निर्जल संयुग समजलं: नेहमीच्या तापमानाला मिठासारखी घनीय रचना, क्लोराइडच्या जागी बोरोहायड्राइडचा चतुष्फलक (मध्ये बोरॉन, चार कोपऱ्यांवर हायड्रोजन), आणि तो जागच्या जागी दिशा बदलत राहतो.

अडलंय ते डायहायड्रेटपाशी. साधारण ३६ अंश सेल्सिअसखाली पाण्याच्या द्रावणातून हेच स्फटिक मिळतं. त्यात पाण्याचा किंचित धन हायड्रोजन आणि बोरॉनवरचा किंचित ऋण हायड्रोजन १.८ अँगस्ट्रॉमइतके जवळ येतात. व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसलेले अणू साधारण किती जवळ येतात ते सांगणाऱ्या) बेरीज तर २.४ भरते! याला बंध म्हणायचं, की नुसती स्फटिकातली दाटी? एक्स-रेला हायड्रोजन धड दिसत नाही, मग या आकड्यावर विसंबायचं कसं? आणि धन-ऋण इतके जवळ असूनही हायड्रोजन वायू लगेच का सुटत नाही? सरांना विचारलं, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून नीट उलगडलेलं नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

प्रश्न फार चांगले आहेत. अंतरासोबत कोनही बघा. ओ-एच (पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध) जवळपास सरळ रेषेत बोरॉनच्या हायड्रोजनकडे रोखलेला असतो, बी-एचच्या (बोरॉन-हायड्रोजन बंधाच्या) बाजूला मात्र कोन चांगलाच वाकलेला. नुसत्या दाटीत अशी ठरावीक दिशा दिसत नाही.

एक्स-रे इलेक्ट्रॉन पाहतो, म्हणून ओ-एच आणि बी-एच दोन्ही आखूड भासतात. ते न्यूट्रॉन विवर्तनातल्या (न्यूट्रॉनच्या झोताने अणुकेंद्रांच्या जागा शोधण्याच्या पद्धतीतल्या) लांबीइतके वाढवून मगच अंतर मोजा. ते आणखी कमी भरेल. नुसत्या एक्स-रेवर विसंबलं की काय होतं, हे अमोनिया बोरेनमध्ये (बोरॉन, नायट्रोजन आणि हायड्रोजनच्या संयुगात) दिसलं. १९९९च्या न्यूट्रॉन अभ्यासात कळलं की आधीच्या एक्स-रे रचनेत बोरॉन आणि नायट्रोजन चक्क अदलाबदल झाले होते. सेमिनारमध्ये हे उदाहरण जरूर घ्या.

वायूचं म्हणाल, तर हायड्रोजनची जोडी जुळताना ओ-एच आणि बी-एच दोन्ही तुटावे लागतात आणि बोरॉन-ऑक्सिजन बंध तयार व्हावा लागतो. त्याला सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) लागते, म्हणून वायू लगेच सुटत नाही. द्रावणात आम्ल घातलं की वायू भराभर सुटतो, कॉस्टिक सोडा घातला की थोपतो, तेही याच्याशी ताडून पाहा.

पुढे न्यूट्रॉनने मोजायचं ठरलं, तर नमुना बोरॉन-११ या समस्थानिकाचा घ्या. नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे २० टक्के बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळून टाकतो.