मदत हवी आहे: अर्धा मिलिग्रॅमही नाही, साखर कुठे जोडली आहे ते एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल मोजून) कसं ठरवू?

पानांच्या मिथेनॉल अर्कातून एक फ्लेव्होनॉइड (वनस्पतींमधलं एक प्रकारचं संयुग) वेगळा केलाय. हातात जेमतेम ०.४ मिलिग्रॅम आहे आणि पानं पुढच्या हंगामाशिवाय मिळणार नाहीत. मास स्पेक्ट्रोमेट्रीत निगेटिव्ह मोडमध्ये मास ४४७, तुकडा २८५, म्हणजे केम्फेरॉल या फ्लेव्होनॉइडवर एक हेक्सोज (सहा कार्बनची साखर) असं धरून चाललोय.

ड्युटेरेटेड मिथेनॉलमध्ये प्रोटॉनचा स्पेक्ट्रम बरा आला. ८.०५ आणि ६.८८ पीपीएमला दोन-दोन प्रोटॉनचे डब्लेट (दुहेरी रेषा), ६.४० आणि ६.२० ला २ हर्ट्झचे बारीक डब्लेट, ५.२५ ला ७.५ हर्ट्झचा, साखरेच्या १ नंबरच्या कार्बनवरचा, म्हणजे अ‍ॅनोमेरिक. कार्बनचा स्पेक्ट्रम रात्रभर चालवला तरी सॉल्व्हंटशिवाय काही नाही. एचएमबीसीत (दोन-तीन बंध दूरच्या प्रोटॉन-कार्बन जोड्या दाखवणारा प्रयोग) अ‍ॅनोमेरिकसमोर कोरं. साखर केम्फेरॉलच्या ३ नंबरच्या कार्बनवर की ७ वर? आणि ग्लुकोज की गॅलॅक्टोज? हायड्रोलिसिस करायला (साखर तोडून वेगळी करायला) जीव धजत नाही.

प्रतिसाद १:
कार्बनचा नाद सोडा. कार्बन-१३ निसर्गातच १.१ टक्का, त्यात सिग्नल दुबळा, आणि गोंगाटाच्या तुलनेत तो दुप्पट करायचा तर स्कॅन चौपट. त्यापेक्षा ट्यूब बदला. ५ मिमीच्या ट्यूबमध्ये ६०० मायक्रोलिटर भरता, म्हणजे माल पातळ करता. ३ मिमीत १७० च्या आसपास पुरतं. मग एचएमबीसी रात्रभर लावा, ५.२५ समोर १३५ पीपीएमच्या आसपास ठिपका दिसला की ३ नंबरचा कार्बन पक्का.

खरं तर अर्धं उत्तर तुमच्याच प्रोटॉनमध्ये आहे. साखर ७ वर असती तर ते बारीक डब्लेट ६.४ आणि ६.७ च्या पुढे सरकले असते. बी रिंगच्या (बाजूच्या फिनॉल कड्याच्या) हायड्रॉक्सिलवर असती तर ६.८८ तिथे राहिला नसता. माझा कौल ३ ला.

धागाकर्ता:
हो, ५ मिमीच होती. साखरेचं काय? ३.३ ते ३.९ मध्ये नुसती गर्दी आहे, त्यात ३.३१ ला मिथेनॉल बसलंय.

प्रतिसाद २:
एकमितीय टॉक्सी (एका प्रोटॉनपासून साखळीतल्या पुढच्या प्रोटॉनकडे सिग्नल नेणारा प्रयोग) करून बघा. ५.२५ वर निवडक पल्स द्या आणि मिक्सिंग टाइम हळूहळू वाढवत न्या. ग्लुकोजमध्ये सिग्नल साखरेच्या ६ नंबरच्या प्रोटॉनपर्यंत पोचतो. गॅलॅक्टोजमध्ये ४ आणि ५ मधलं कपलिंग (प्रोटॉनमधला दुवा) इतकं लहान असतं की गाडी ४ वरच अडते.

आणि डीएमएसओत (सहज न उडणारं सॉल्व्हंट) टाकायची घाई करू नका. त्यात ५ नंबरच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल १२.६ ला छान दिसतो खरा, पण डीएमएसओ उडवून माल परत मिळवणं म्हणजे डोकेदुखी. एवढ्याशा नमुन्यात नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँकही घ्या, १.२८ चा फुगवटा ग्रीसचा निघतो बहुतेक वेळा.