मदत हवी आहे : दोडामार्ग ते चंद्रपूर गाडीने, सोबत कुत्री. मुक्काम कुठे करावा?

परतीची_वाट
२२ वर्षं कॅनडात काढून डिसेंबरात कायमचा पुण्यात आलोय. लहानपणी बाबांच्या बदल्यांमुळे ज्या ज्या भागांत राहिलो ते सगळे पुन्हा बघायचेत: दोडामार्ग, सोलापूर, नांदेड, चंद्रपूर. २० एप्रिलला निघायचं. सोबत बर्फी (आमची कुत्री) आहे. आतापर्यंत नऊ लॉजना फोन केले. ‘कुत्रा’ शब्द ऐकला की फोन ठेवतात. सोलापूर आणि नांदेडजवळ कुत्र्यासकट राहता येईल अशी जागा सांगा. बाकी तयारी झाली आहे. कृपया लवकर.

माळरान
कुत्रीची जात कोणती? वय काय? एकटे जाताय की कुटुंब आहे? आणि एप्रिलच का?

समृद्धी_७०१
सरळ समृद्धी महामार्ग धरा. पहाटे निघालात तर दुपारी जेवायला नागपूर. टायर मात्र आधी तपासून घ्या, काँक्रीटवर तापतात.

परतीची_वाट
समृद्धी आमच्या एकाही गावावरून जात नाही. मुक्कामाचं विचारलंय. बर्फी हस्की-मिक्स, म्हणजे थंड प्रदेशातल्या जातीची आहे, कॅनडातूनच आणलीय.

गुरांची_डॉक्टर
हस्की आणि एप्रिल-मे! चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंश सर्रास असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करतं. गाडीत एसी असला तरी उतरल्यावर काय कराल? डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद ठेववली नाही तर पंजेही भाजणार. तिचं वय सांगा.

जुना_ओव्हरसिअर
दोडामार्ग म्हणजे तिलारी, सोलापूर म्हणजे उजनी, नांदेड म्हणजे विष्णुपुरी, सगळी धरणंच, बरोबर? वडील पाटबंधारे खात्यात होते का?

परतीची_वाट
हो! चंद्रपूर म्हणजे आसोलामेंढा. बाबाही येणार आहेत, हे सांगायचं राहून गेलं. ८२ वर्षांचे आहेत. उजनीचं बांधकाम चालू असताना तिथल्याच वसाहतीत आम्ही राहायचो.

जुना_ओव्हरसिअर
मग लॉज कशाला शोधता? धरणांजवळ खात्याची विश्रामगृहं आहेत. त्या त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे आधी अर्ज द्या. वडिलांचं पद आणि निवृत्तीचं वर्ष लिहा. कुत्रीचा उल्लेख अर्जातच करा, ऐनवेळी दारात वाद नको. तिची चादर आणि भांडी सोबत ठेवा. धरणाच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय जाऊ नका. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडतात, ते वडिलांकडूनच समजून घ्या. त्या कामावर राबलेला माणूस शेजारी उभा राहून सांगतो तेव्हा वेगळंच कळतं.

कोल्हापूर_मिरज_रोज
एप्रिल नको, दिवाळीनंतर जा.

माळरान
दिवाळीनंतर तुमच्याकडे ऊस सुरू होतो ना? दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. मी स्वतः अंकलीजवळ थोडक्यात वाचलोय.

कोल्हापूर_मिरज_रोज
रात्री चालवू नका, एवढंच. ऊस आहे म्हणून माणसांनी घरी बसायचं का? आमच्या भागाला उगाच बदनाम करू नका.

नांदेडची_मी
प्रवासात खायला काय देणार? आमच्या मोतीला दूध-चपातीच चालते, १४ वर्षं जगला.

गुरांची_डॉक्टर
बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. प्रवासात पोट बिघडलं तर हाल होतील. तिचं रोजचंच खाणं द्या, तेही निघण्याच्या किमान तीन-चार तास आधी. रोज रात्री कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड तपासा. गोचिडतापाने धट्टीकट्टी कुत्रीही दगावतात. रेबीजच्या लसीची नोंदवही गाडीतच ठेवा. आंबोली आणि चंद्रपूरकडे रात्री तिला बाहेर बांधू नका, बिबट्या उचलतो. ताडोबात कुत्रा नेता येत नाही, तिकडे जायचा विचार असेल तर सोडाच. आणि वय?

नांदेडची_मी
आमच्या मोतीला काही झालं नाही.

परतीची_वाट
११ वर्षं. बाबा ८२, ती ११, म्हणून थांबवत नाही. नोव्हेंबरात दोघंही असतील याची मला खात्री नाही. परत येण्याआधीची सोळा वर्षं बाबांना मी फक्त फोनवर भेटत होतो.

माळरान
हे आधी सांगायला हवं होतं हो.

गुरांची_डॉक्टर
मग असं करा. आता फक्त तिलारी. आंबोलीत मुक्काम करा, तिथे त्या मानाने गार असतं. रोज पहाटे पाचला निघा, दहाच्या आत त्या दिवसाच्या मुक्कामी पोहोचा, दर दोन तासांनी सावलीत थांबा. निघण्याआधी तिचं रक्त, मूत्रपिंड आणि हृदय तपासून घ्या. थांबणं वडिलांच्याही सोयीचं होईल. उजनीपासून पुढचं सगळं डिसेंबरात.

परतीची_वाट
बाबांना वाचून दाखवलं. त्यांना तिलारी आधी हवंय, तिथल्या वसाहतीत त्यांनी आंबा लावला होता. बुधवारी बर्फीची तपासणी आहे. ओव्हरसिअर काका, अर्ज मराठीत लिहू ना?

जुना_ओव्हरसिअर
मराठीतच. सही वडिलांची घ्या.